विद्युतघटातून रासायनिक समतोल वाचणारे शास्त्रज्ञ : वाल्टर नेर्न्स्ट

लखनौहून रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर छावणीचा भाग मागे पडला की तेलीबागची गजबजलेली वस्ती लागते. त्याच रस्त्याने आणखी पुढे संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. मूत्रपिंडाच्या विकारांवरील उपचारांसाठी आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ती उत्तर भारतात ओळखली जाते. मूत्रपिंडे काम करेनाशी झाली की रक्तातील पोटॅशियम वाढू लागते, आणि ते मर्यादेबाहेर गेले तर हृदयाची लय बिघडून रुग्ण काही वेळातच दगावू शकतो. त्यामुळे अशा रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर प्रथम पोटॅशियमचा आकडा विचारतात. निरोगी माणसात हा आकडा लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असतो, तर साडेसहाच्या पुढे धोक्याची घंटा वाजते.

आज मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत हा आकडा मिनिटाभरात मिळतो. यंत्र रक्तातील पोटॅशियम वेगळे काढत नाही, त्याचे वजनही करत नाही. फक्त पोटॅशियमलाच प्रतिसाद देणाऱ्या एका पातळ पटलाच्या दोन बाजूंमधील विद्युतदाब ते मोजते. शरीराच्या तापमानाला पाच आणि साडेसहा या आकड्यांमध्ये विद्युतदाबाचा फरक असतो सुमारे सात मिलिव्होल्टचा. या सात मिलिव्होल्टचा अर्थ लावणारे समीकरण १८८९ मध्ये जर्मनीतील एका पंचविशीच्या तरुणाने मांडले. वाल्टर हेरमान नेर्न्स्ट हे त्याचे नाव. रसायनशास्त्राचे विद्यार्थी या नावाला समीकरणापुरते ओळखतात. त्यामागचा माणूस मात्र पुष्कळसा विस्मरणात गेला आहे.

नेर्न्स्ट यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी पश्चिम प्रशियातील ब्रीझेन या लहान गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील न्यायाधीश होते. शालेय शिक्षण ग्राउडेन्ट्स येथे झाल्यावर त्या काळच्या जर्मन रीतीप्रमाणे ते एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात शिकत फिरले : झुरिच, बर्लिन, ग्राझ, व्युर्झबुर्ग. ग्राझ येथे बोल्ट्झमान यांचा सहवास लाभला आणि एटिंग्सहाउझेन यांच्याबरोबर उष्णता व चुंबकत्व यांच्या एकत्रित परिणामावर त्यांनी संशोधन केले. दोघांच्या नावाने तो परिणाम आजही ओळखला जातो. १८८७ मध्ये व्युर्झबुर्ग येथे त्यांना डॉक्टरेट मिळाली. तेथेच स्वीडनचे स्वांटे अऱ्हेनियस यांच्याशी त्यांची मैत्री जमली. ही मैत्री पुढे टिकली नाही आणि तिचे तुटणे नेर्न्स्ट यांना बरेच महाग पडले.

त्याच वर्षी विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी त्यांना लाइपझिग येथे साहाय्यक म्हणून बोलावले. भौतिकी रसायनशास्त्र ही शाखा तेव्हा नुकतीच आकाराला येत होती. क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित आयन सुटे होतात, हे अऱ्हेनियस यांचे म्हणणे अनेक जुन्या प्राध्यापकांना हास्यास्पद वाटत होते. विरघळलेला पदार्थ वायूप्रमाणेच दाब निर्माण करतो, हे हॉलंडचे वांट हॉफ यांनी दाखवून दिले होते. या दोन कल्पना एकत्र आणून नेर्न्स्ट एका जुन्याच प्रश्नाकडे वळले. व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिली विद्युतघटांची चळत जाहीर केली होती. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे घट वापरात होते, तारायंत्रे त्यांवर चालत होती. पण घटात वीज नेमकी कशामुळे निर्माण होते आणि ती इतकीच का असते, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते.

नेर्न्स्ट यांचे उत्तर दोन विरुद्ध ओढींचे होते. धातूचा तुकडा द्रावणात ठेवला की धातूचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनरूपाने द्रावणात उतरू पाहतात. उलट द्रावणात आधीपासून असलेले आयन धातूवर परत बसू पाहतात. पहिली ओढ धातूच्या स्वभावावर अवलंबून असते, तर दुसरी द्रावणातील आयनांच्या तीव्रतेवर. या दोहोंचा जेथे मेळ बसतो तेथे धातू आणि द्रावण यांच्यामध्ये ठरावीक विद्युतदाब उभा राहतो. जस्त व जस्ताचे सल्फेट एका बाजूला आणि तांबे व मोरचूद दुसऱ्या बाजूला ठेवून केलेला डॅनियल घट घेतला, आणि दोन्ही द्रावणांची तीव्रता सारखी ठेवली, तर हा दाब सुमारे १.१० व्होल्ट भरतो. मोरचुदाचे द्रावण दहापट पातळ केले की २५ अंश सेल्सिअसला दाब सुमारे साडेएकोणतीस मिलिव्होल्टने उतरतो. आयनावर दोनऐवजी एकच विद्युतभार असता, तर उतार दुप्पट, म्हणजे ५९ मिलिव्होल्टचा आला असता. समीकरणाचा सारा सांगावा एवढाच आहे : तीव्रता पटीने बदलते, विद्युतदाब पायरीने बदलतो.

पण या पायऱ्यांचा शेवट कोठे होतो, हे पाहण्यासारखे आहे. घट चालू असताना जस्त विरघळत जाते, द्रावणातले तांबे पट्टीवर बसत जाते आणि विद्युतदाब हळूहळू खाली येतो. तो शून्यावर आला की घट संपला असे आपण म्हणतो. रसायनशास्त्राच्या भाषेत या क्षणी अभिक्रिया समतोलाला पोहोचलेली असते. पुढे जाणारी आणि मागे येणारी क्रिया आता एकाच वेगाने चाललेली असते. म्हणजे ताज्या घटाचा विद्युतदाब हे अभिक्रिया समतोलापासून किती दूर उभी आहे याचे माप ठरते. डॅनियल घटाच्या १.१० व्होल्टवरून हिशेब केला, तर समतोलाच्या वेळी द्रावणात जस्ताचे आयन तांब्याच्या आयनांच्या १० चा ३७ वा घात इतके पट असतील असे उत्तर येते. एकावर सदतीस शून्ये. एवढ्या जस्ताच्या आयनांच्या गर्दीत तांब्याचा एखादा आयन शोधणे जगातल्या कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाला तराजू आणि परीक्षानळी घेऊन शक्य नाही. विद्युतदाब मोजणाऱ्याला मात्र ते टेबलाशी बसून कळते.

मोजण्याची रीतही या विचाराशी जुळणारी होती. घटातून प्रवाह ओढला की त्याचा समतोल बिघडतो आणि आकडा खोटा येतो. म्हणून घटाच्या विरोधात बाहेरून तेवढाच विद्युतदाब लावायचा आणि प्रवाहदर्शकाचा काटा शून्यावर स्थिर झाला की वाचन घ्यायचे, ही पोग्गेनडोर्फ यांची जुनी पद्धत प्रयोगशाळांत रूढ होती. आपल्याकडील महाविद्यालयांत अनेक पिढ्यांनी विभवमापीची लांब तार आणि तिच्यावर सरकवायची चावी घेऊन हाच प्रयोग केला आहे. काटा शून्यावर येईना म्हणून घातलेले तास पुष्कळांना आठवत असतील. तो शून्य मिळवण्यासाठी एवढा आटापिटा का, हे त्या वेळी क्वचितच कोणी समजावून सांगत असे.

नेर्न्स्ट यांचा हा प्रबंध १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते एकाएकी ख्यातनाम झाले. त्यात एक मर्यादा होती. पातळ द्रावणांत समीकरण चोख चाले. दाट द्रावणांत आयन एकमेकांना ओढत असल्याने हिशेब चुके. ही चूक समजून घेण्याच्या प्रयत्नांत एका भारतीयाचाही वाटा आहे. कोलकात्याचे ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये तीव्र क्षारांच्या द्रावणांविषयी मांडलेल्या सिद्धांताची युरोपात चर्चा झाली. १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी अधिक समाधानकारक उपपत्ती दिल्यावर घोष यांचा सिद्धांत मागे पडला, परंतु प्रश्न बरोबर ओळखणाऱ्यांत त्यांचे नाव राहिले. हेच घोष पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक आणि खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले.

दिवा, मोटार आणि दहा लाख मार्क

लाइपझिगहून नेर्न्स्ट गॉटिंगेनला गेले. १८९२ मध्ये एमा लोमायर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा सैद्धांतिक रसायनशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. म्युनिकचे बोलावणे आल्यावर प्रशियाच्या सरकारने त्यांना गॉटिंगेनमध्येच ठेवून घेण्यासाठी स्वतंत्र अध्यासन आणि नवी प्रयोगशाळा दिली. बुटका बांधा, गोबरे गाल, खोचक विनोद आणि आत्मविश्वास असा हा प्राध्यापक होता. त्याच्याविषयी विद्यार्थी किस्से सांगत आणि सहकारी कुरकुरत.

१८९७ मध्ये त्यांनी एक विजेचा दिवा तयार केला. एडिसनच्या दिव्यातील कार्बनच्या तंतूऐवजी त्यात झिर्कोनियम आणि इतर काही मूलद्रव्यांच्या ऑक्साइडची चिनी मातीसारखी कांडी होती. थंड असताना ती वीज वाहू देत नसे, तापवली की लख्ख पेटे. उघड्या हवेतही ती जळत नसे. एईजी या जर्मन कंपनीने हा शोध सुमारे दहा लाख मार्कांना विकत घेतला. एका प्राध्यापकासाठी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे दिवे झळकले. परंतु दिवा पेटण्याआधी कांडी तापवावी लागे आणि थोडा वेळ वाट पाहावी लागे. टंगस्टनचा तंतू आल्यावर नेर्न्स्ट दिवा बाजारातून गेला. कंपनीचे नुकसान झाले असेल, प्राध्यापकांचे झाले नाही. त्यांनी मोटारगाडी घेतली. मोटारींचा नाद त्यांना जन्मभर पुरला.

गंमत अशी की दिवा गेला तरी त्याची कांडी टिकली. तापलेल्या झिर्कोनियम ऑक्साइडमधून ऑक्सिजनचे आयन वाहतात. पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक मोटारींच्या धूरनळीत ऑक्सिजन मोजणारा जो संवेदक असतो, त्यात हाच पदार्थ वापरतात. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर आणि दोहोंमधील विद्युतदाबावरून इंधनाचे प्रमाण ठरवणारा संगणक, अशी ती रचना असते. संगणक जे समीकरण वापरतो ते १८८९ चेच.

बर्लिन आणि अमोनियाचा वाद

१९०५ मध्ये नेर्न्स्ट बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. स्वतःच्या मोटारीतून ते तेथे दाखल झाले, असे सांगतात. या सुमारास त्यांच्या मनात विद्युतघटाने सुटू न शकणारा प्रश्न घोळत होता. ज्या अभिक्रिया घटात मांडता येतात, त्यांचा समतोल विद्युतदाबावरून काढता येतो. पण नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार होण्यासारखी क्रिया घटात कशी बसवणार? अशा क्रियेत किती उष्णता निघते हे मोजता येई, मात्र केवळ उष्णतेवरून समतोल सांगता येत नसे. हिशेबात एक स्थिरांक नेहमी अज्ञात राही.

२३ डिसेंबर १९०५ रोजी गॉटिंगेनच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी आपला उष्णता सिद्धांत मांडला. विद्युतघटाच्या अभ्यासातून त्यांना दिसले होते की अभिक्रियेची उष्णता आणि तिच्यापासून मिळू शकणारे काम यांतील फरक तापमान उतरते तसा घटत जातो. निरपेक्ष शून्याजवळ हे दोन आलेख एकमेकांना नुसते भेटत नाहीत, तर स्पर्शून एकरूप होतात, असा त्यांचा दावा होता. तसे असेल तर तो अज्ञात स्थिरांक उरत नाही आणि नुसत्या उष्णतेच्या मोजमापांवरून कोणत्याही अभिक्रियेचा समतोल आधीच सांगता येतो. पुढे यालाच ऊष्मागतिकीचा तिसरा नियम म्हणू लागले.

नियमाची पहिली मोठी कसोटी अमोनियावर लागली आणि तेथेच कटुता निर्माण झाली. कार्ल्सरूचे फ्रिट्झ हाबर यांनी आधी प्रसिद्ध केलेले अमोनियाच्या समतोलाचे आकडे नेर्न्स्ट यांच्या सिद्धांताशी जुळत नव्हते. नेर्न्स्ट यांनी स्वतः उच्च दाबाखाली प्रयोग करवून घेतले. १९०७ मध्ये हाम्बुर्ग येथे भरलेल्या बुन्सेन संस्थेच्या अधिवेशनात त्यांनी हाबर यांचे आकडे चुकीचे असल्याचे सर्वांसमक्ष सांगितले. खरे प्रमाण इतके अल्प आहे की अमोनियाच्या कारखान्याची आशा धरण्यात अर्थ नाही, असाही त्यांचा सूर होता. हाबर यांना हा अपमान जिव्हारी लागला. त्यांनी रॉबर्ट ल रॉसिन्योल यांच्या साहाय्याने मोजमापे नव्याने केली, दाब आणखी चढवला, उत्प्रेरक शोधले आणि १९०९ मध्ये अमोनियाचे थेंब गोळा करून दाखवले. आज जगातील शेतीला लागणारे नत्रयुक्त खत याच पद्धतीने तयार होते.

नेर्न्स्ट यांचा सिद्धांत बरोबर होता. व्यवहाराचा अंदाज मात्र चुकला. समतोल किती प्रतिकूल आहे हे त्यांनी अचूक पाहिले, पण दाब वाढवून तोच समतोल आपल्या बाजूला झुकवता येतो, या वाटेवर ते पुरेसे पुढे गेले नाहीत. हे वाक्य लिहिणे आज सोपे आहे. त्या काळी एवढा दाब आणि एवढी उष्णता एकत्र सोसणारे लोखंडी भांडे बनवणे हीच मोठी बाब होती. १९१२ मध्ये हाबर यांच्या पेटंटला न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा नेर्न्स्ट यांनी हाबर यांच्या बाजूने साक्ष दिली. रासायनिक कंपनीशी त्यांचा करार झालेला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बर्लिनच्या प्रयोगशाळेत हायड्रोजनचे द्रवीकरण करून पदार्थांची विशिष्ट उष्णता अतिशीत तापमानाला मोजण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. तापमान उतरते तशी ती शून्याकडे जाते, या मोजमापांमुळे आइन्स्टाइन यांच्या १९०७ मधील पुंज कल्पनेला भक्कम आधार मिळाला. नेर्न्स्ट यांनी उद्योगपती अर्नेस्ट सोल्व्हे यांना राजी करून १९११ मध्ये ब्रुसेल्स येथे पहिली सोल्व्हे परिषद भरवली. १९१३ मध्ये ते आणि माक्स प्लांक स्वतः झुरिचला गेले आणि आइन्स्टाइन यांना त्यांनी बर्लिनला येण्यास राजी केले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. जर्मनीच्या कृतींचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर नेर्न्स्ट यांची सही आहे. पन्नाशीचा हा प्राध्यापक आपली मोटार घेऊन सैन्यात स्वयंसेवक चालक म्हणून गेला. पुढे डोळ्यांना आणि नाकाला झोंबणाऱ्या रसायनांचे तोफगोळे तयार करण्याच्या कामातही त्यांनी भाग घेतला. त्यांच्या चरित्रातील हे पान झाकण्यासारखे नाही. त्यांचे दोन्ही मुलगे या युद्धात मारले गेले.

नोबेल पारितोषिक त्यांना १९२० सालासाठी, उष्मारसायनातील कार्याबद्दल मिळाले. त्यांच्या नावाची शिफारस कित्येक वर्षे होत होती, पण स्टॉकहोममध्ये अऱ्हेनियस यांचा शब्द चाले आणि जुन्या मित्राचा विरोध कायम होता. गौरव तिसऱ्या नियमाचा झाला. तरीही तारुण्यात लिहिलेले विद्युतघटाचे समीकरणच रोजच्या वापरात अधिक आले, असे म्हणावे लागते. द्रावणाची आम्लता मोजणारे काचेचे अग्र, धातूंच्या गंजण्याचा अभ्यास, मज्जापेशींचा विद्युतदाब या सगळ्यांच्या मुळाशी ते आहे. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे पस्तीस पट असते आणि त्यावरून सुमारे ९५ मिलिव्होल्टचा दाब निघतो. रक्तातील पोटॅशियम वाढले की हाच दाब ढळतो, म्हणूनच मूत्रपिंडाच्या रुग्णाचे हृदय धोक्यात येते. तेलीबागजवळच्या रुग्णालयातील रुग्णाच्या शरीरात आणि त्याचे रक्त तपासणाऱ्या यंत्रात, दोन्हीकडे एकच नियम चालत असतो.

उत्तर प्रदेशाशी त्यांचा आणखी एक धागा जुळतो. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या वातावरणातील अणूंचे आयनीभवन हा एक रासायनिक समतोलच आहे असे मानून आपले प्रसिद्ध समीकरण मांडले. त्यासाठी त्यांनी नेर्न्स्ट यांच्या सिद्धांताचा आणि नेर्न्स्ट यांचे शिष्य एगर्ट यांच्या एका लेखाचा आधार घेतला होता. प्रयोगाने पडताळा पाहावा म्हणून साहा बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत काही काळ राहिले. १९२३ ते १९३८ या काळात ते अलाहाबाद, म्हणजे आताच्या प्रयागराज येथील विद्यापीठात प्राध्यापक होते.

नेर्न्स्ट यांनी १९२२ ते १९२४ या काळात जर्मनीच्या राष्ट्रीय मापन संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले आणि नंतर बर्लिनमध्ये भौतिकशास्त्राचे अध्यासन घेतले. तारांचा आवाज विजेने वाढवणारा एक पियानोही त्यांनी तयार केला. तो संगीतकारांना फारसा रुचला नाही. १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आले त्याच वर्षी, ते निवृत्त झाले. त्यांच्या तीन मुलींपैकी दोघींचे पती ज्यू होते आणि त्या दोघींना देश सोडावा लागला. नव्या राजवटीविषयीची नापसंती नेर्न्स्ट यांनी लपवली नाही. अखेरची वर्षे त्यांनी त्सिबेल्ले येथील आपल्या शेतीवर काढली. तेथे ते तळ्यांत कार्प मासे पाळत. गाई पाळल्या तर आपल्या पैशाने सारे विश्व तापवल्यासारखे होते, मासे मात्र भोवतालच्या पाण्याशी समतोलात राहतात, असा खुलासा ते करीत असल्याची आख्यायिका आहे.

दुसरे महायुद्ध भर जोरात असताना, १८ नोव्हेंबर १९४१ रोजी त्सिबेल्ले येथेच त्यांचे निधन झाले. युद्धानंतर तो प्रदेश पोलंडमध्ये गेला. त्यांच्या अस्थी पुढे गॉटिंगेनच्या दफनभूमीत आणण्यात आल्या. माक्स प्लांक यांची समाधीही त्याच दफनभूमीत आहे.